‘यपान’ गिटार: ओझरहून आलेल्या एका अदलाबदलीचं प्रकरण

मागच्या ऑक्टोबरात, दिवाळीची आवराआवर चालू असताना, ओळखीच्या एका काकांचा फोन आला. “माळ्यावरून बाबांची गिटार निघालीय. इलेक्ट्रिक. जपानी आहे. येऊन बघून जा, नाहीतर ही भंगारात घालायला निघालीय.” ‘ही’ म्हणजे काकू. काका नाशिकच्या इंदिरानगरला, मी सिडकोत. चहाच्या आधी पोहोचलो.

गिटार पलंगावर जुन्या चादरीत गुंडाळून ठेवली होती. तारांचा आवाज पकडणारे तीन पिकअप, त्यांच्याभोवती पांढरट पिकगार्डची पट्टी, तारा दोनच आणि त्याही गंजून काळ्या. उचलली आणि पहिली शंका तिथेच आली. फार जड. नंतर खालच्या किराणा दुकानाच्या काट्यावर ठेवली तेव्हा ४ किलो ४०० ग्रॅम भरली. दुकानदाराने विचारलं, “ह्याच्यात काय भरलंय?”

काकांनी गिटारच्या डोक्याकडे बोट दाखवलं. “हे बघ, इथे लिहिलंच आहे. यपान. स्पेलिंग चुकलंय, पण आहे जपानी. नेटवर पाहिलं मी, जुन्या जपानी गिटारींना चाळीस चाळीस हजार मागतात लोक.”

अक्षरं होती चार. पहिली तीन इंग्रजी वाय, पी आणि ए यांच्यासारखी, चौथं जरा वेडंवाकडं. काकांच्या घरात ते चाळीस वर्षं ‘एन’ म्हणून वाचलं गेलं होतं. पण ही लिपी इंग्रजी नाही, रशियन आहे. तिच्यात वायसारखं दिसणारं अक्षर ‘उ’ असतं, पीसारखं दिसणारं ‘र’, आणि ते शेवटचं वेडंवाकडं ‘ल’. उराल. पर्वतरांगेचं नाव, आणि त्याच नावाचा एक कारखाना सोव्हिएत काळात स्वेर्दलोव्स्क शहरात होता. आज त्या शहराला येकातेरिनबर्ग म्हणतात. कारखाना मुळात पियानोंसारख्या पट्टीवाद्यांचा, पण सोव्हिएत संघातल्या एका पिढीने इलेक्ट्रिक गिटारचा पहिला सूर धरला तो त्याच्याच मालावर. तिकडचे वादक गिटारला गमतीने ‘वल्हं’ म्हणतात. ही उचलल्यावर त्यात गंमत कमी आणि वर्णन जास्त आहे हे लक्षात आलं.

दुसरा पुरावा गिटारच्या कडेला होता. जिथे आपण साधी मोठी जॅक पिन खुपसतो तिथे पाच भोकांचं गोल सॉकेट. जुन्या टेपरेकॉर्डरला असायचं तसलं. साठच्या दशकातल्या जपानी गिटारी मी दोन-तीन उघडल्या आहेत, त्यांत हे कधी दिसलं नाही. सोव्हिएत गिटारींना मात्र हेच असतं.

आता नाशिकमध्ये रशियन गिटार कुठून आली, हे नाशिककराला फार समजावून सांगावं लागत नाही. शहराजवळ ओझरला हिंदुस्तान एरोनॉटिक्सचा विभाग १९६४ साली उभा राहिला तोच मिग-२१ ही सोव्हिएत लढाऊ विमानं बनवायला. आपण गावाला आजही ‘ओझर मिग’ म्हणतो. काकांचे वडील तिथे फिटर होते आणि कॉलनीच्या गणपतीत ऑर्केस्ट्रात वाजवायचे. एक रशियन तंत्रज्ञ मायदेशी परत जाताना त्यांनी त्याच्याकडून ही गिटार घेतली. पैसे देऊन नाही. दोन सुती साड्या आणि चार किलो चहा देऊन. हे काकांनी मला सांगितलं तेव्हा त्यांना स्वतःलाच हसू आलं. रशियन माणसाने दिलेली वस्तू जपानी कशी, हा प्रश्न इतकी वर्षं त्या घरात कुणाला पडलाच नव्हता. “आम्हाला वाटायचं त्याने जपानहून मागवली असेल,” काका म्हणाले.

व्यवहार

इथे मी थोडा अडकलो, आणि ते लपवत नाही. काकांना मी काहीच सांगितलं नसतं तर ते चाळीस हजारांवर अडून बसले असते आणि व्यवहार झालाच नसता. सांगितलं तर भाव उतरणार होता आणि त्यात फायदा माझा होता. म्हणजे खरं बोलूनही माझंच भलं होणार. असं खरं बोलताना माणूस जरा चाचरतो.

तरी सांगितलं. अक्षरं फोनवर दाखवली. सोव्हिएत गिटारींना हौशी लोकांत गिऱ्हाईक आहे, पण जपानीइतकं नाही आणि त्या किमतीला तर नाहीच, हेही सांगितलं. काका थोडा वेळ गप्प राहिले. मग म्हणाले, “बरं. मग तू काय देशील?” त्यांच्या नातवाला कॉलेज रोडच्या एका क्लासला गिटार शिकायला घातलं होतं आणि तो मित्राची गिटार मागून आणत होता. माझ्याकडे एक यामाहाची एफ-३१० होती, साधी अकूस्टिक, चांगल्या स्थितीतली. पोराला सुरुवातीला त्याहून जास्त काही लागत नाही. गिटार, तिची बॅग, वर तारांचे दोन नवे सेट आणि दोन हजार रुपये असं ठरलं.

अट काकांनीच घातली: कधी विकायची झाली तर आधी मला विचारायचं. मी म्हटलं, लिहून देतो. एका वहीच्या पानावर लिहिलं, दोघांनी सह्या केल्या. पान काकांच्या हातचं आहे आणि त्यावर त्यांनी लिहिलंय, ‘यपान गिटार नग १’.

उघडल्यावर

घरी आल्यावर काहीही न करता आधी सगळ्या बाजूंनी फोटो काढले. स्क्रू कुठला कुठे होता, वायर कुठल्या रंगाची कुठे गेली होती, हे उघडताना स्पष्ट असतं आणि तीन महिन्यांनी आठवत नाही. सगळे आटे मेट्रिक निघाले, त्यामुळे स्क्रूंची अडचण नव्हती. अंबडच्या औद्योगिक वसाहतीत मेट्रिक स्क्रू चणे-फुटाण्यासारखे मिळतात. पिकगार्डच्या मागे एक जांभळा शिक्का होता, ‘ओटीके’. सोव्हिएत कारखान्यांत माल तपासणाऱ्या विभागाचा हा शिक्का, आपल्याकडचा क्यूसी. शेजारी पेनाने लिहिलेला आकडा, ८१. काकांच्या वडिलांकडे ती १९८३ च्या सुमाराला आली होती, म्हणजे हा आकडा वर्षाचाच धरायला हरकत नव्हती.

दुखणी अशी होती. मधला पिकअप मेलेला: मल्टिमीटर काहीच दाखवत नव्हता, म्हणजे आतली वायर कुठेतरी तुटलेली. पॉट, म्हणजे आवाज कमी-जास्त करायची बटणं, फिरवली की रेतीचा आवाज. ट्युनिंगच्या खुंट्यांची प्लॅस्टिकची डोकी हातात भुगा होऊन येत होती. नेकवर, म्हणजे गिटारच्या दांड्यावर, कुणीतरी वर्षानुवर्षं खोबरेल चोळलेलं, ते फ्रेटच्या, म्हणजे नेकवरच्या धातूच्या आडव्या पट्ट्यांच्या, कडेला काळ्या चिकट थरासारखं बसलेलं. आणि तारा नेकपासून इतक्या वर, की बाराव्या फ्रेटवर मोजलं तर ४ मिमी. अशा गिटारवर बोटं दाबून वाजवणारा माणूस फिटर होता याचं मला नवल वाटलं नाही.

नेक काढला. नेक आणि बॉडीच्या सांध्यात काडेपेटीच्या पुठ्ठ्याचा दुमडलेला तुकडा होता. काकांच्या वडिलांनीच घातलेला असणार, नेकचा कोन थोडा बदलून तारा खाली आणायला. कल्पना बरोबर होती, तुकडा चुकीच्या टोकाला होता. त्यामुळे तारा खाली यायच्या ऐवजी आणखी वर गेल्या होत्या. मी तो एका पाकिटात घालून पाकिटावर तारीख टाकली. त्यानंतर गिटारमधून निघालेली प्रत्येक वस्तू त्याच पाकिटात गेली. त्या जागी सांध्याच्या योग्य टोकाला पितळेची पातळ पट्टी घातली.

फ्रेटचं काम जानेवारीत केलं आणि या सगळ्यात ते मला सर्वांत जास्त आवडलं. फ्रेटची उंची एकसारखी नसली की एखाद्या जागी सूर खरखरतो. त्या समपातळीत आणायला एक अगदी सपाट पट्टी लागते. बाजारात मिळते, महाग मिळते. माझा एक शाळासोबती सातपूरला टूलरूममध्ये आहे. त्याने उरलेल्या पोलादी तुकड्यातून ४०० मिमीची पट्टी सरफेस ग्राइंडरवर घासून दिली आणि म्हणाला, “वीस मायक्रॉनच्या आत आहे. तुझ्या गाण्याला चालेल ना?” विमानाचे आणि गाड्यांचे सुटे भाग बनवणाऱ्या शहरात राहण्याचा हा फायदा आहे. गिटार दुरुस्त करणारे इथे हाताच्या बोटांवर मोजण्याइतके, पण धातूला वळवणारे, घासणारे, आटे पाडणारे गल्लोगल्ली. खुंट्यांची सहा डोकी अंबडच्या एका लेथवाल्याने नायलॉनच्या रॉडमधून काढून दिली.

प्रत्येक फ्रेटच्या माथ्यावर मार्कर फिरवला, मध्ये लाकडाला टेप चिकटवली, पट्टीला बारीक सँडपेपर लावून हलक्या हाताने फिरवली. जिथली शाई आधी गेली तो फ्रेट उंच. सातवा आणि चौदावा. मग तिकोनी कानशीने माथ्यांना पुन्हा गोलाई. दोन संध्याकाळी गेल्या. नवीन १० ते ४६ च्या (इंचाच्या हजाराव्या भागात जाडी) पातळ तारा चढवल्यावर बाराव्या फ्रेटवर २ मिमीच्या आत उंची आली. या सहा तारा मिळून नेकला सुमारे ४६ किलोच्या ताणाने ओढतात, म्हणून चढवल्याबरोबर शेवटचं माप घेतलं नाही. दोन दिवस तशीच ठेवली, मग मोजलं. स्केल, म्हणजे तारेचा वाजणारा भाग, साधारण ६५० मिमी, फेंडर या अमेरिकन कंपनीच्या गिटारींच्या ६४८ च्या अगदी शेजारी, त्यामुळे साध्या तारांचा ताण हाताला ओळखीचाच वाटतो.

माझी चूक

ब्रिजच्या, म्हणजे तारा बॉडीवर जिथे टेकतात त्या, पट्टीवर हिरवट कळंक चढला होता. आमच्या घरी तांब्या-पितळेची भांडी चिंच-मिठाने घासतात, आणि मी तेच केलं. पाच मिनिटांत हिरवं गेलं. सोबत मुलामाही गेला. जिथे जिथे मुलामा आधीच झिजलेला होता तिथे आंबट पाणी त्याच्या खाली शिरलं आणि आतलं पितळ पिवळं होऊन डोकावू लागलं. तो तुकडा घेऊन मी तांबट गल्लीत एका जुन्या कारागिराकडे गेलो. त्यांनी चष्म्यातून बघितलं आणि विचारलं, “हे भांडं आहे का?”

नाही म्हटलं.

“मग चिंच कशाला लावली?”

पुन्हा मुलामा देता आला असता. पण तेव्हा एक ब्रिज नवा चकाकणारा आणि बाकी सगळी गिटार चाळीस वर्षांची, असं दिसलं असतं. तसाच ठेवला. उजव्या बाजूला पितळ दिसतं, वाजवणाऱ्याच्या हाताखाली झाकलं जातं.

पिकअप

पिकअप म्हणजे चुंबक आणि त्याभोवती केसाहून बारीक तांब्याच्या वायरचे हजारो वेढे. तार हलली की चुंबकाचं क्षेत्र बदलतं आणि वेढ्यांत वीज निर्माण होते. एक वेढा तुटला की सगळं बंद. बहुतेक वेळा वायर बाहेरच्या जोडापाशी तुटते आणि नशीब असेल तर तिथेच सोल्डर करून भागतं. माझं नशीब नव्हतं. आतला जोड घामाने खाऊन टाकला होता.

गिटारचे पिकअप नव्याने गुंडाळून देणारं नाशिकमध्ये मला कुणी सापडलं नाही, म्हणून मी रिले आणि छोट्या मोटारींची कॉइल बांधणाऱ्या एका दादांकडे गेलो. परदेशात पिकअपला ४२ नंबरची वायर लावतात, पण तो अमेरिकन गेज. आपल्याकडे वायर एसडब्ल्यूजी या ब्रिटिश गेजने मिळते, आणि त्यात ४२ मागितली तर जवळपास दीडपट जाड वायर हातात पडते. बरोबर जोडी ४६ ची: ०.०६१ मिमी, अमेरिकन ४२ च्या ०.०६३ च्या जवळ. हे दादांना सांगितलं तर ते म्हणाले, “४६ तर आमच्याकडे घड्याळाच्या कामाला असते, राव. मोटारीला नाही. आणतो मागवून.” आणली. मी दुसरे दोन पिकअप मोजून त्यांना रोध सांगितला, त्यांनी काउंटर लावून तिथपर्यंत वेढे दिले. घेतले सहाशे रुपये. दोनदा वायर तुटली, तरी एक पैसा जास्त लावला नाही.

बसवून ऐकलं. एकटा मधला पिकअप छान. पुढच्यासोबत लावला की आवाज नाकात बोलल्यासारखा, पातळ. म्हणजे वेढे उलट्या दिशेने पडले होते आणि दोन पिकअप एकमेकांना खोडत होते. जुना काट्याचा मीटर लावून पिकअपवरून स्क्रूड्रायव्हर झटकन उचलला की काटा एका बाजूला उडतो. एकाचा उजवीकडे, दुसऱ्याचा डावीकडे, एवढं पाहिलं की खात्री. मधल्या पिकअपच्या दोन वायरी अदलाबदल केल्या आणि प्रश्न मिटला.

मग एप्रिलमध्ये भीती वाटली. डिसेंबरच्या एका सकाळी, खोलीत १२ अंश असताना, हा पिकअप ५.९ किलोओहम दाखवत होता. एप्रिलच्या दुपारी सहज मीटर लावला तर ६.५. मला वाटलं आत पुन्हा कुठेतरी जोड खराब होतोय. दादांना फोनही केला, तेही गोंधळले. रात्री डोक्यात प्रकाश पडला: तांब्याचा रोध तापमानाच्या प्रत्येक अंशाला साधारण ०.३९ टक्क्याने वाढतो. दुपारी खोलीत ३७ अंश होते. पंचवीस अंशांचा फरक म्हणजे जवळपास दहा टक्के, आणि ५.९ चे बरोबर ६.५ होतात. गिटारला काही झालं नव्हतं, नाशिकला उन्हाळा आला होता. दादांना परत फोन करून सांगितलं तर त्यांनी एक शिवी हासडली, मला की उन्हाळ्याला ते कळलं नाही.

पाच भोकांचं सॉकेट

दोघा मित्रांचा सल्ला एकच होता: ते सॉकेट काढून टाक, साधा जॅक बसव, दहा मिनिटांचं काम. पण साधा जॅक तिथे बसवायचा तर पत्रा नवा लागला असता आणि भोकाचा आकार बदलला असता. ते भोक पुन्हा कधीच पूर्वीसारखं झालं नसतं. ही गिटार कशाची आहे हे सांगणाऱ्या दोनच गोष्टी तिच्या अंगावर बाहेरून दिसतात, डोक्यावरची अक्षरं आणि हे सॉकेट. अक्षरं लोक चुकीची वाचतात. सॉकेट कुणी चुकीचं वाचू शकत नाही.

म्हणून बाहेरून जोड करायचा ठरवला. पाच पिनांचा तोच प्लग कीबोर्डच्या मिडी केबलला असतो, त्यामुळे घरातली मिडी केबल लावून बघितली. काही आवाज नाही. गिटार पुन्हा उघडली, सगळे जोड पुन्हा तपासले, सगळं ठीक. एक संध्याकाळ वाया गेल्यावर केबलच कापून पाहिली तर पाच पिनांपैकी टोकाच्या दोन पिनांना आत वायरच नव्हती. मिडीला त्या लागत नाहीत. गिटारचा सिग्नल नेमका त्यातल्याच एकीवर होता. मधली पिन अर्थ. मग शालिमारजवळच्या दुकानातून सुटा प्लग आणला, जाळीदार वायरने दुसऱ्या टोकाला साधा जॅक लावला. हातभर लांबीची ही शेपटी आता गिटारसोबत खिळ्याला टांगलेली असते. ती विसरून कार्यक्रमाला गेलो तर गिटार म्हणजे खरोखर वल्हं.

पॉट आयसोप्रोपिल अल्कोहोलने धुऊन, पन्नासेकदा फिरवून सुरळीत झाले. बदलले नाहीत. बॉडीवरचा जाड वार्निशचा थर खाली एका जागी तडकलाय, त्याला हात लावला नाही. ट्रेमोलोची, म्हणजे सूर हलवायच्या दांडीची, स्प्रिंग अजून कुरकुरते. सगळा खर्च, प्रवास सोडून, तीन हजार दोनशेच्या आसपास गेला, त्यात तारा सातशेच्या.

मे महिन्यात काका नातवाला घेऊन ऐकायला आले. नातू एफ-३१० वर जी आणि सी हे कॉर्ड बऱ्यापैकी धरायला लागला होता. काकांनी थोडा वेळ ऐकलं आणि म्हणाले, “बाबांच्या वेळी जास्त कर्कश वाजायची. बरी झालीय.” पाकीट दाखवलं तर त्यांनी काडेपेटीचा तुकडा उलटसुलट करून बघितला आणि परत त्यातच ठेवला. निघताना सोसायटीच्या गेटवर आमचे शेजारी भेटले. काकांनी त्यांना सांगितलं, वडिलांची जपानी गिटार ह्याला दिलीय. मी एकदा दुरुस्त केलं होतं. दुसऱ्यांदा केलं नाही.